तितिक्षेची तालीम



यंदाच्या नाथषष्ठीस तीर्थरूप वडिलांचा आवाज बसल्यामुळे सायंकाळच्या प्रवचनाची सेवा ऐन वेळी मजकडे आली. माझे शिक्षण शाळेपुरते, आणि वयही व्यासपीठास शोभेल असे नाही. तथापि पुजाऱ्याच्या घरी जन्मास आलेल्या मुलाला अशा प्रसंगी पळून जाण्यास वाट नसते. लहानपणापासून पाठ असलेली कथाच सांगावी, म्हणजे मध्येच अडखळण्याची भीती नाही, असा विचार करून मी नाथांच्या सहनशीलतेचे आख्यान घेतले.

ते आपणां सर्वांस ठाऊक आहेच. पैठणास नाथमहाराज गोदावरीचे स्नान करून परतत असता वाटेवरच्या एका घरातून एक उद्दाम मनुष्य त्यांच्या अंगावर थुंकला. महाराज मागे फिरले, पुन्हा स्नान केले, पुन्हा त्याच वाटेने आले. तो पुन्हा थुंकला. असे एकशेआठ वेळा झाले असे परंपरा सांगते. अखेरीस थुंकणाराच थकला, ओशाळला आणि पाया पडला; तेव्हा महाराजांनी त्यास उठवून, तुझ्यामुळे आज गोदामाईची एवढी स्नाने घडली, असे म्हणून उलट त्याचेच उपकार मानले. कथा संपली, माना डोलल्या, आरती झाली.

प्रसाद वाटला जात असता महाविद्यालयात शिकणाऱ्या एका कन्येने मला गाठले आणि विचारले, "दादा, थुंकणारा एकटाच होता, म्हणून त्याला शेवटी लाज वाटली. पण थुंकणे हाच जर त्या गावाचा कायदा असता, तर नाथांनी किती स्नाने केली असती?"

मी त्या वेळी काही तरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. एका माणसाचा उद्दामपणा सहन करून त्यास जिंकणे ही संतांची थोरवी होय. पण जेथे अपमान करणे ही रीत आहे, शिपाई तिचा रखवालदार आहे आणि न्यायाधीश तिचा साक्षीदार आहे, तेथे सहन करणारा सहनच करीत राहील आणि रीत तशीच चालेल, यात नवल ते काय? मग अहिंसेने अन्याय हटतो असे आपण म्हणतो, ते कशाच्या बळावर? या प्रश्नाचा माग काढता काढता मी पैठणहून नागपुरास व नागपुरावरून थेट अमेरिकेतील नॅशव्हिल नावाच्या शहरी जाऊन पोहोचलो. अर्थात पुस्तकांतून. ती हकीकत आज आपणांपुढे ठेवतो.

त्या कन्येला उत्तर देण्याचा अधिकार ज्यास होता, असा एक मनुष्य ९ जून २०२४ रोजी वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी निवर्तला. त्याचे नाव रेव्हरंड जेम्स लॉसन. हा कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मोपदेशक ऐन तारुण्यातील तीन वर्षे आपल्या नागपुरास राहून गेला होता, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. मलाही नव्हती.

त्या देशाची स्थिती प्रथम थोडक्यात सांगितली पाहिजे. आफ्रिकेतून धरून नेलेल्या लोकांची गुलामगिरी अमेरिकेत १८६५ साली कायद्याने संपली. परंतु दक्षिणेकडील राज्यांनी लवकरच दुसरे कायदे करून काळ्या माणसाला गोऱ्यापासून वेगळे काढले. शाळा वेगळी, गाडीतील जागा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा. १८९६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेही या वेगळेपणावर आपली मोहर उठविली, आणि शाळांपुरती ती पुसली जाण्यास १९५४ साल उजाडावे लागले. मताचा हक्क कागदावर होता. तो बजावू पाहणाऱ्यास नोकरीपासून प्राणापर्यंत काहीही गमवावे लागे. आपणां वाचकांस हे वर्णन परके वाटणार नाही. नळाच्या जागी पाणवठा म्हटला की झाले.

लॉसनचा जन्म १९२८ चा. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. म्हणजे तोही एका परीने माझ्यासारखा पुजाऱ्याचाच मुलगा, आणि एवढ्यावरूनच मला त्याच्याविषयी आपलेपणा वाटू लागला, हे मी लपवीत नाही. आठ-दहा वर्षांचा असता, आईने सांगितलेल्या कामासाठी तो बाहेर पडला होता. रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या एका मोटारीतून एका गोऱ्या मुलाने त्याच्या वर्णावरून त्याला शिवी दिली. याने खिडकीतून हात घालून त्याच्या मुस्कटात लगावली आणि घरी येऊन मोठ्या फुशारकीने आईस सांगितले. आई स्वयंपाक करीत होती. तिने मागे वळूनही पाहिले नाही; एवढेच विचारले की बाळ, याने काय साधले? पुढे आयुष्यभर त्याने या प्रश्नाची आठवण काढली. मला येथे थोडे थांबावेसे वाटते. आईने चांगले-वाईट, पाप-पुण्य असे काही म्हटले नाही. साधले काय, असे विचारले. अहिंसेचा विचार पुष्कळदा आपण पुण्याच्या बाजूने करतो. या बाईने तो कार्यसिद्धीच्या बाजूने केला, आणि दोन्ही बाजू अखेरीस एकाच ठिकाणी येऊन मिळतात असे तिच्या मुलाने पुढे दाखविले.

कोरियाच्या युद्धाच्या वेळी सक्तीच्या सैन्यभरतीस नकार दिल्यामुळे १९५१ साली त्यास तुरुंगात जावे लागले; वर्षाहून अधिक काळ तो तेथे होता. सुटल्यावर १९५३ मध्ये तो नागपुरास हिस्लॉप महाविद्यालयात आला. काम विद्यार्थ्यांचे खेळ घेण्याचे. पण आकर्षण गांधीजींचे. त्यांचा देहान्त होऊन पाच वर्षे लोटली होती. तथापि सेवाग्राम नागपुराहून काही तासांच्या वाटेवर होते आणि गांधीजींबरोबर तुरुंग भोगलेली माणसे अद्याप हिंडत-फिरत होती. सत्याग्रह म्हणजे केवळ मनाची थोरवी नसून ती एक शिस्तबद्ध कृती आहे, तीत तयारी आहे, टप्पे आहेत, माघार कधी घ्यावी याचाही विचार आहे, हे त्याने या मातीत शिकून घेतले.

डिसेंबर १९५५ मध्ये एके दिवशी नागपूरच्या वर्तमानपत्रात त्याने वाचले की अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरी काळ्या नागरिकांनी शहराच्या बसगाड्यांवर बहिष्कार टाकला आहे. १ डिसेंबर रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी गोऱ्या उतारूसाठी जागा सोडण्याचे नाकारले, त्यांना अटक झाली, आणि सारा समाज पायी चालू लागला. त्यांच्या पुढारीपणाचे काम डॉ. मार्टिन ल्यूथर किंग या सव्वीस वर्षांच्या धर्मोपदेशकाकडे आले होते. ती बातमी वाचून लॉसन आनंदाने ओरडला म्हणतात. त्याने ज्याची वाट पाहिली ते त्याच्या स्वतःच्या लोकांत, त्याच्या गैरहजेरीत सुरू झाले होते! तो बहिष्कार ३८१ दिवस चालला व यशस्वी झाला.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. १९३६ मध्ये हॉवर्ड थर्मन नावाचे कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मपंडित गांधीजींना भेटले, ते आपल्या बडोद्याहून फारशा दूर नसलेल्या बार्डोलीस. निरोप घेते वेळी गांधीजी अशा आशयाचे बोलले की अहिंसेचा निर्भेळ संदेश कदाचित तुमच्याच लोकांच्या द्वारे जगास मिळेल. असो.

१९५७ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेस परतलेल्या लॉसनची व किंगची गाठ पडली. शिक्षण पुरे करून मग दक्षिणेत येईन असे लॉसन म्हणाला. किंगनी आग्रह केला की थांबू नका, आत्ताच या. दोघेही एकाच वयाचे, अवघे अठ्ठावीस वर्षांचे. लॉसन पुढील वर्षी टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरी आला. तेथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात त्याने धर्मशास्त्राच्या वर्गात नाव घातले आणि सायंकाळी एका प्रार्थनामंदिराच्या तळघरात एक तालीम सुरू केली.

तालीम हा शब्द मी जाणून वापरतो. आपल्या बडोद्यास तालमींचा अर्थ समजावून सांगावयास नको. ज्याने आखाड्यात माती लावून घेतली नाही तो कुस्तीच्या दिवशी फडात उतरत नाही. या तळघरातील आखाड्यात मात्र डाव शिकवीत ते मार देण्याचे नव्हते, मार घेण्याचे होते.

विद्यार्थ्यांपैकी काहींनी गोऱ्या गुंडांचे सोंग घ्यावयाचे व काहींनी खुर्च्यांवर बसावयाचे. सोंग घेतलेल्यांनी शिव्या द्यावयाच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडावयाचा, केस ओढावयाचे, खुर्ची खालून काढून घ्यावयाची. बसलेल्याने हात उगारावयाचा नाही, उलट शब्द बोलावयाचा नाही, आणि जागाही सोडावयाची नाही. खाली पाडले गेल्यास डोके व पोट कसे झाकावे. सोबत्यावर फार मार पडू लागल्यास मध्ये अंग घालून तो मार कसा वाटून घ्यावा. मारणाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून, आपणही माणूस आहोत याची त्यास आठवण कशी द्यावी, हे सारे पुनःपुन्हा करून पाहिले जाई. ज्यास क्रोध आवरला नाही त्याने मागे राहून निरोप पोहोचविण्याचे काम करावे. त्यात कमीपणा नव्हता. डायान नॅश नावाच्या विद्यार्थिनीस तर प्रारंभी हे सारे निष्फळ ठरणार असेच वाटले होते. ती केवळ दुसरा मार्ग कोणी सांगत नाही म्हणून येत राहिली.

योगशास्त्रात यमनियमांची जी गणना आहे तीत अगदी पहिला क्रमांक अहिंसेचा लागतो, आणि यमनियम ही आचरून अंगी बाणविण्याची गोष्ट आहे, हे आपण विसरतो. क्रोध विचारून येत नाही. हात वर जातो तो आपण ठरवून नेलेला नसतो. म्हणून ऐन प्रसंगी अहिंसक राहीन असा नुसता संकल्प कुचकामाचा. त्या प्रसंगाचे सोंग आधी शंभरदा आणून देहाला वळण लावावे लागते. नाथांनी एकशेआठ स्नाने केली ती त्या एका दिवशीची क्षमा नव्हे. कित्येक वर्षांच्या साधनेने घडलेला तो देह होता. आम्ही प्रवचनकार कथा सांगतो ती एकशेआठाव्या स्नानाची. पहिल्या स्नानापूर्वीची वर्षे आम्ही गाळतो.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. शहरातील मोठ्या दुकानांतून तेव्हा एका बाजूस खाण्यापिण्याचे काउंटर असे. काळ्या बाईने त्या दुकानात कापड घ्यावे, भांडी घ्यावीत, पैसे मोजावेत, त्यास कोणाची हरकत नव्हती. पण दमूनभागून तिने त्या काउंटरपाशी एक कप कॉफी मागितली तर ती मिळत नसे. पैसा चाले, माणूस चालत नसे. १३ फेब्रुवारी १९६० रोजी शंभरावर विद्यार्थी उत्तम पोशाख करून, अभ्यासाची पुस्तके बरोबर घेऊन तीन दुकानांत गेले, काही किरकोळ जिन्नस विकत घेतले, काउंटरपाशी बसले आणि खाणे मागितले. ते मिळाले नाही. ते वाचीत बसले. काही दिवसांनी पुन्हा गेले. पुन्हा बसले. ताठ बसावे, तोंड काउंटरकडे असावे, दुकानाची वाट अडवू नये, सौजन्य सोडू नये, अशा नियमांचा एक कागदच त्यांच्यासाठी तयार करण्यात आला होता.

२७ फेब्रुवारीस गुंड आले. तळघरात सोंग म्हणून जे घडले होते ते सारे खरोखर घडले. ओढले, पाडले, तुडविले, जळती सिगारेट अंगास लावली. पोलिसांनी मारणाऱ्यांस न धरता बसलेल्यांस धरले. एक तुकडी पकडून नेली की दुसरी येऊन त्याच जागी बसे, ती नेली की तिसरी. असे ऐंशीच्या घरात विद्यार्थी त्या दिवशी पकडले गेले. प्रत्येकी पन्नास डॉलर दंड झाला. तो भरणे म्हणजे अन्यायाला पैसा पुरविणे होय असे सांगून त्यांनी तुरुंग पत्करला. विद्यापीठाने लॉसनचे नाव वर्गातून काढून टाकले. (त्याच विद्यापीठाने २००६ साली त्यास सन्मानाने शिकविण्यास बोलाविले, आणि तो गेला.)

याच दिवसांतील एक प्रसंग वाचून मी चपापलो. रस्त्यात विद्यार्थ्यांवर हल्ला झाला असता लॉसन मध्ये पडला. चामडी कोट घातलेला एक तरुण त्याच्या तोंडावर थुंकला. लॉसनने शांतपणे त्याच्याकडे पाहून विचारले, आपणापाशी हातरुमाल आहे का? तो तरुण इतका गोंधळला की त्याने खिशातून रुमाल काढून दिला. लॉसनने तोंड पुसले, रुमाल परत केला, आणि आपणापाशी मोटारसायकल आहे काय, अशी चौकशी केली. होती. ती कशी सजविली आहे हे तो तरुण सांगू लागला. दोघे बोलत आहेत तोवर मार खाणारा विद्यार्थी उठून आपल्या सोबत्यांस जाऊन मिळालाही.

पैठण आणि नॅशव्हिल! मध्ये पावणेचारशे वर्षांचे अंतर, आणि थुंकी तीच. पण भेदही पाहा. लॉसनला त्या तरुणाचा उद्धार करण्याइतका अवकाश नव्हता. त्यास एक माणूस वाचवावयाचा होता. आणि एका चामडी कोटवाल्याचे हृदय पालटले तरी दुकानाचे काउंटर उघडणार नाही, हेही तो जाणून होता.

म्हणून दुसरी बाजू. ईस्टर हा त्यांचा मोठा सण. आपल्याकडे दिवाळीस, तसे तेथे या सणास नवे कपडे घेतात. त्या वर्षी काळ्या कुटुंबांनी बाजारपेठेतून काहीही घ्यावयाचे नाही असे ठरविले. घरोघरच्या स्त्रियांनी हे व्रत चालविले. मुलांना जुनेच कपडे घातले. दुकाने ओस पडू लागली. गोरी गिऱ्हाइकेही दंग्याच्या भीतीने येईनाशी झाली. जे व्यापारी रूढीपुढे आपला इलाज नाही असे म्हणत होते, त्यांना वहीतील आकड्यांनी इलाज सुचविला. काहींना वाटेल की हा तर दबाव झाला, यात कसली आली अहिंसा? वस्तुतः कोणाचे नुकसान न करता, आपण ज्या पापात भागीदार आहोत त्यातून आपला वाटा काढून घेणे, यात हिंसा कोठे आहे? अपमान करणाऱ्याच्या दुकानी जाणे ही काही माणसावरची सक्ती नव्हे.

१९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बाँब फेकण्यात आला. घराचा पुढील भाग उद्ध्वस्त झाला. समोरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शंभराहून अधिक खिडक्यांची तावदाने फुटली. पतिपत्नी दैवयोगाने वाचली. त्याच दिवशी हजारो माणसे महापौरांच्या कचेरीकडे निघाली. घोषणा नाही, गीत नाही. केवळ पावलांचा आवाज. कचेरीच्या पायऱ्यांवर महापौर बेन वेस्ट सामोरे आले. प्रथम सी. टी. व्हिव्हियन या धर्मोपदेशकांशी त्यांची चकमक झाली, दोन्हीकडून आवाज चढले. मग एकवीस वर्षांची डायान नॅश पुढे झाली. तिने कायदा विचारला नाही. केवळ वर्णावरून माणसात भेद करणे चूक आहे असे आपणांस, एक मनुष्य म्हणून, वाटते का, एवढेच विचारले. महापौरांनी कबूल केले की दुकानात माल विकावयाचा आणि खाण्यास मात्र नाही म्हणावयाचे, हे नीतीस धरून आहे असे मी म्हणू शकत नाही. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात आले, आणि १० मे १९६० रोजी शहरातील सहा दुकानांच्या काउंटरवर काळी माणसे बसून जेवली.

वेस्ट यांच्याविषयी मला फार विचार करावासा वाटतो. त्यांना उत्तर टाळता आले असते. पायऱ्यांवर उभा राहिलेला मनुष्य नेहमी वरच्या बाजूस असतो, आणि वरच्या बाजूस असलेल्यास टाळणे सोपे असते.

हे सारे गोड शेवटाचे आख्यान आहे असे मात्र समजू नये. १९६३ च्या सप्टेंबरात बर्मिंगहॅम शहरी प्रार्थनामंदिरातच बाँब उडून चार मुली ठार झाल्या. १९६४ व १९६५ साली समान नागरिकत्वाचे व मतदानाचे कायदे झाले. आणि ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस शहरी किंग यांची हत्या झाली. तेथील सफाई कामगारांच्या संपासाठी त्यांना बोलावून घेणारा लॉसनच होता. माल्कम एक्स यांच्यासारखे तेजस्वी पुरुष विचारीत की मार खाण्याचा धर्म नेहमी मार खाणाऱ्यालाच का शिकविता? हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. आपल्या देवांच्या हाती धनुष्य आहे, चक्र आहे. निःशस्त्र राहण्याचा उपदेश करणारे आपण, कोणाच्या बाजूस उभे राहून तो करतो, हे पाहिले पाहिजे. लॉसन तो उपदेश करू शकला, कारण त्याच्या स्वतःच्या तोंडावर थुंकी होती.

आणि येथे मला अमेरिका सोडून घरी यावे लागते. डॉ. किंग १९५९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भारतात आले होते. केरळात एका शाळेत, पूर्वास्पृश्य समाजाच्या मुलांपुढे त्यांची ओळख करून देताना तेथील मुख्याध्यापकांनी, हेही अमेरिकेतील अस्पृश्यच आहेत, अशा अर्थाचे शब्द वापरले. किंगना क्षणभर राग आला. मग विचार करता ते खरेच आहे असे त्यांस पटले. १९६५ साली आपल्या प्रार्थनामंदिरातील प्रवचनात त्यांनी स्वतः ही गोष्ट सांगितली.

नॅशव्हिलचे काउंटर तीन महिन्यांत उघडले. नाशिकचे काळाराम मंदिर? २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह सुरू झाला. माणसे दाराशी बसली, रामाचे दर्शन मागितले, दगड खाल्ले, तुरुंगात गेली. वर्षे लोटली तरी दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेबांनी सांगितले की मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. लॉसनने नागपूर सोडले तेही १९५६ सालीच. एकाच शहरातून एकाच वर्षी एक मनुष्य सत्याग्रहावरील श्रद्धा घेऊन निघाला, आणि लक्षावधी माणसे ज्यांच्या दाराशी सत्याग्रह केला त्यांच्यावरील श्रद्धा सोडून निघाली. दाराशी बसलेल्यांच्या अहिंसेत काही उणे होते असे मला वाटत नाही. पायऱ्यांवर वेस्ट नव्हता. तेथे आम्ही होतो. मी पुजाऱ्याचा मुलगा आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो.

त्या कन्येच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले ते असे: गावाचाच कायदा असेल तर एकट्या नाथांची हजार स्नानेही पुरणार नाहीत, स्नान करणारे पुष्कळ हवेत, तालीम केलेले हवेत, आणि त्या घरात राहणाऱ्या एकाने तरी बाहेर येऊन त्यांच्या बाजूस उभे राहिले पाहिजे. हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "दादा, आणि आपण कोणत्या घरात?"

आपल्या देवळात दर एकादशीस एक वृद्ध गृहस्थ येतात. वय ऐंशीच्या आसपास. आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांना पाहिले असेल, कारण ते कधीही वर येत नाहीत. खालच्या पायरीशी उभे राहून हात जोडतात. वडील तीर्थ घेऊन खाली जातात. पायऱ्या चढवत नसतील, असाच माझा आजवर समज होता. गेल्या एकादशीस वडिलांऐवजी मी खाली गेलो आणि म्हणालो, "आजोबा, हात धरतो, वर चला."

ते हसले. म्हणाले, "पाय चांगले आहेत, छोटे गुरुजी. लहानपणी वडिलांचा हात धरून इथंच उभा राहायचो. पुढं कायदा झाला, बाकीचे वर गेले. माझे वडील गेले नाहीत. बोलावल्याशिवाय जायचं नाही म्हणाले, आणि वाट बघत वारले." मग थोडे थांबून, "तुमचे पणजोबा वाईट नव्हते हो. पळी मात्र लांब होती."

पळीचा अर्थ मला तेथे कळला नाही. रात्री वडिलांना विचारले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत; मग उठून गाभाऱ्यात गेले आणि नंदादीपात तेल घालावयाची पितळी पळी घेऊन आले. हातभर लांब दांड्याची. मी लहानपणापासून तीच वापरीत आलो होतो, आणि दांडा एवढा लांब कशासाठी, हे मला कधी विचारावेसे वाटले नव्हते.

पुढील एकादशी येत्या सोमवारी आहे. वडिलांचा आवाज आता सुटला आहे. त्या दिवशी खाली जाऊन बोलावणे आपण स्वतः करणार, असे ते म्हणाले आहेत.